डच पवनचक्क्या आणि कालव्याकाठची जुनी घरं: कॅमेरा काढण्याआधी वारा बघा

एप्रिल उजाडला की महाराष्ट्रातून नेदरलँड्सला येणाऱ्यांची रीघ लागते. महिन्याभरात मोबाइलवर फोटो यायला लागतात. कॅमेरे उत्तम असतात, मेहनतही खरी असते, तरी त्याच चार चुका पुन्हा पुन्हा दिसतात: पवनचक्कीचा पाठीमागून काढलेला फोटो, चौकटीच्या बरोब्बर मधून गेलेलं क्षितिज, मागे कलंडलेली घरं आणि खडूसारखं पांढरं आभाळ. यातली एकही चूक कॅमेऱ्याची नाही. बहुतेक चुका घरातून निघायच्या आधीच झालेल्या असतात, म्हणून इथे तयारीवर जास्त लिहिलं आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. दुसरी पायरी सोडलीत तर पुढच्या सगळ्या वाया जातात.

१. आधी महिना ठरवा

फुलं, घरं आणि धुकं या तिन्हींचे महिने वेगळे आहेत. एकाच सहलीत सगळं मिळत नाही, हे आधी मान्य करा.

ट्युलिपची शेतं एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रंगात असतात. हार्लेम आणि लायडेनच्या मधला लिसे-हिलेगॉमचा पट्टा सगळ्यांना माहीत असतो. नोर्डओस्टपोल्डरमधली शेतं मोठी आहेत आणि तिथे गर्दी कमी असते. मात्र शेतकऱ्याला हवा असतो कंद. फूल पूर्ण उमललं की कंद पोसावा म्हणून तो यंत्राने फुलांची मुंडकी छाटून टाकतो. परवा कुणीतरी फोटोत दाखवलेलं लालभडक शेत आज नुसतं हिरवं दिसू शकतं. म्हणून एका शेतावर भिस्त ठेवू नका, सायकलने फिरता येईल असा पट्टा निवडा.

अॅमस्टरडॅमची कालव्याकाठची घरं हवी असतील तर नोव्हेंबर ते एप्रिलची सुरुवात हाच काळ धरा. हे कुणी सांगत नाही आणि लोक जुलैत येऊन हिरमुसतात. कालव्यांच्या दोन्ही काठांवर एल्म झाडांच्या रांगा आहेत. त्यांना पालवी फुटली की घराचा दर्शनी भाग दुसऱ्या मजल्यापासून वर दिसतच नाही, आणि पाहण्यासारखं तर वरच असतं: पायऱ्यापायऱ्यांचे, घंटेच्या आकाराचे, उंच मानेसारखे माथे आणि सामान वर ओढायचे आकडे.

धुकं हवं असेल तर सप्टेंबर ते नोव्हेंबर. रात्री आभाळ स्वच्छ, वारा पडलेला आणि पोल्डरची (पाणी उपसून मिळवलेली सखल) जमीन ओली असेल तर पहाटे कंबरभर धुकं साचतं. फिरत्या पवनचक्क्या हव्या असतील तर मे महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार गाठा. तो राष्ट्रीय पवनचक्की दिन, त्या दोन दिवशी देशभर चक्क्या चालवतात. एरवी शनिवारचा दिवस बरा, कारण बऱ्याच चक्क्या चालवणारे स्वयंसेवक असतात आणि त्यांना सुट्टीच्याच दिवशी वेळ मिळतो. चक्कीवर निळं निशाण फडकत असेल तर ती पाहुण्यांसाठी उघडी आहे असं समजा. इमारती आतून बघायच्या असतील तर सप्टेंबरचा दुसरा शनिवार-रविवार, त्या वेळी कितीतरी जुन्या वास्तू लोकांसाठी खुल्या असतात.

आता उजेडाचं गणित. हा देश ५२ अक्षांशावर आहे. अॅमस्टरडॅमला जूनच्या उत्तरार्धात सूर्य पहाटे ५.२० च्या सुमारास उगवतो आणि रात्री १० नंतर मावळतो. डिसेंबरात तो पावणेनऊला उगवतो आणि साडेचारला गेलेला असतो, भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर. म्हणजे हिवाळ्यात ऊन पडलं तर दिवसभर तिरकं, सोनेरी ऊन. जूनमध्ये तेच ऊन हवं असेल तर पहाटे चारला उठावं लागतं, आणि तेव्हा ट्रेनही नसते, बोटही नसते. उन्हाळ्यात पहाटेचा फोटो हवा असेल तर मुक्काम चालत किंवा सायकलने जाता येईल इतक्या जवळ घ्या.

*तपासा:* मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढेमागे होतात. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांची सूर्योदयाची वेळ इथेच हुकते.

२. वाऱ्याची दिशा बघा, मग उन्हाची

पवनचक्कीला तोंड असतं आणि ते फिरतं. पाती वाऱ्याला सामोरी असावीत म्हणून चक्की चालवणारा तिची टोपी पात्यांसकट वळवतो. त्यामुळे मागच्या आठवड्यात मित्राने जिथून सुंदर फोटो काढला, तिथूनच आज तुम्हाला चक्कीची पाठ दिसू शकते. रॉटरडॅमजवळच्या किंडरडाइकसारख्या ठिकाणी पाठीमागे टोपी वळवायच्या जाडजूड लाकडी तुळया जमिनीपर्यंत उतरलेल्या असतात. पाती त्यांच्या आड जातात आणि फोटोचा जीव जातो.

या देशात वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो. नैऋत्येचा वारा म्हणजे चक्कीचं तोंड नैऋत्येला. तेव्हा तुम्हीही चक्कीच्या नैऋत्येला उभं राहायचं, आणि पात्यांवर ऊन पडणार दुपारनंतर. पूर्वेचा वारा असेल, जो वसंतातल्या कोरड्या दिवसांत आणि कडक थंडीत बऱ्याचदा असतो, तर तोंड पूर्वेला आणि ऊन सकाळी. म्हणजे ‘सकाळी जावं की संध्याकाळी?’ या प्रश्नाचं उत्तर वारा देतो. लोक सूर्योदयाची वेळ पाठ करून जातात आणि इथेच फसतात.

आदल्या रात्री एवढं करा. हवामानाच्या अॅपवर वाऱ्याची दिशा आणि जोर बघा. नकाशावर चक्की शोधा, वाऱ्याच्या उगमाच्या बाजूला बोट ठेवा आणि त्या बाजूला सार्वजनिक वाट, पूल किंवा बांध आहे का ते पाहा. असेल तर त्या जागेवरून ऊन किती वाजता तुमच्या पाठीशी किंवा खांद्याशी येईल ते ठरवा. नसेल तर दुसरी चक्की निवडा, या देशात हजाराहून जास्त आहेत.

*सावधान:* अॅपमधला बाण बहुधा वारा जातो ती दिशा दाखवतो, पण ‘नैऋत्येचा वारा’ म्हणजे नैऋत्येकडून येणारा. हा घोळ झाला की तुम्ही अचूक उलट्या बाजूला जाऊन उभे राहता.

वाऱ्याचा जोरही आधीच ठरवून घ्यावा लागतो. पाती फिरायला वाऱ्याच्या जोराच्या बोफोर्ट मापावर ३ च्या आसपास वारा लागतो, आणि तेवढ्या वाऱ्यात पाण्यातलं प्रतिबिंब तुटतं. फिरती पाती आणि आरशासारखं पाणी एका फोटोत मागू नका. वारा पडलेला असेल तर प्रतिबिंबासाठी जा, वाहत असेल तर गतीसाठी.

३. जागा निवडा, तीन पुरेत

पहिल्यांदा येणाऱ्याने दिवसाला एकच ठिकाण घ्यावं असं माझं ठाम मत आहे. तीन ठिकाणं मी डोळे मिटून सांगेन.

किंडरडाइकला १९ चक्क्या आहेत, बहुतेक १७३८ ते १७४० या काळातल्या. नेडरवार्ड नावाच्या भागातल्या आठ गोल, विटांच्या. ओव्हरवार्ड नावाच्या भागातल्या आठ अष्टकोनी आणि गवताने शाकारलेल्या. दोन पाण्यांच्या मधून वाट जाते, ती साधारण आग्नेयेकडे. डिसेंबरात सूर्यही आग्नेयेला उगवतो, त्यामुळे त्या पहाटे चक्क्यांच्या काळ्या आकृत्या रांगेने मिळतात. तपशील हवा असेल तर तोच सूर्योदय निरुपयोगी. तिकीट आतल्या संग्रहालय-चक्क्यांचं असतं, वाटेवर चालायला लागत नाही. रॉटरडॅमहून बोट येते, पण पहाटेसाठी ती उपयोगाची नाही.

अॅमस्टरडॅमजवळच्या झान्स स्खान्सला चूक जवळजवळ ठरलेली आहे. चक्क्या झान नदीच्या पूर्व काठावर आहेत आणि पर्यटकांची वाटही त्याच काठाने जाते. नैऋत्येच्या वाऱ्यात चक्क्यांची तोंडं नदीकडे असतात आणि वाटेवरच्या माणसाला त्यांच्या पाठी दिसतात. झानडाइक स्टेशनवरून चालत येताना युलियाना पूल लागतो. त्याच्यावर थांबा. उत्तरेकडे बघितलंत की उजव्या काठावर चक्क्यांची रांग दिसते. दुपार टळल्यावर ऊन तुमच्या डाव्या खांद्यामागून त्यांच्या तोंडावर पडतं. लोक हा पूल घाईने ओलांडून जातात.

तिसरं अल्कमारजवळचं स्खेर्मरहॉर्न. तिथे गर्दी नाही, सपाट शेतं आहेत, सरळ चर आहेत, आणि त्या भागातल्या पाणी उपसणाऱ्या चक्क्यांची टोपी आतून वळवतात. त्यामुळे पाठीमागे तुळयांचं जंजाळ नाही आणि मागून काढलेला फोटोही स्वच्छ येतो. वाऱ्याने दगा दिला त्या दिवसासाठी ही जागा राखून ठेवा.

४. सामान

थोडंच न्या. एक २४-७० मिमीसारखी लेन्स, जमल्यास एक लांब पल्ल्याची (७०-२००), हलका पण डगमगणारा नाही असा ट्रायपॉड, दोन जास्तीच्या बॅटऱ्या, लेन्स पुसायची तीन-चार सुती फडकी. पाऊस दिवसात चारदा येतो आणि जातो. फडकं एकच असेल तर दुपारपर्यंत ते ओलं होऊन काच माखायला लागतं. थंडीत बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवा. बाहेरच्या गारठ्यातून गरम खोलीत शिरताना कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या, अर्ध्या तासाने काढा, नाहीतर काचेवर आतून दव धरतं.

पोलरायझर (चमक आणि प्रतिबिंब कमी करणारा फिल्टर) जपून वापरा. रुंद लेन्सवर तो आभाळाचा अर्धा भाग गडद आणि अर्धा फिका करतो, आणि कालव्यावर लावलात तर ज्या प्रतिबिंबासाठी आलात तेच पुसून टाकतो.

ड्रोन आणायचा विचार असेल तर युरोपीय नियमांप्रमाणे आधी चालक म्हणून नोंदणी करावी लागते, १२० मीटरच्या वर नेता येत नाही, आणि विमानतळांच्या आसपास व निसर्गक्षेत्रांवर बंदी असते. पहिल्या सहलीत तो घरीच ठेवा.

५. पोचल्यावर पहिली वीस मिनिटं कॅमेरा बंद

सह्याद्रीत फोटो काढायला शिकलेल्या माणसाला इथे सुरुवातीला काही सुचत नाही. आपल्याकडे क्षितिज डोंगर रचून देतात, आपण गडावर चढून खाली बघतो. इथे चढायला काही नाही आणि क्षितिज म्हणजे पट्टीने मारलेली रेघ. मग हात आपोआप ती रेघ मधोमध ठेवतो आणि वर अर्धं आभाळ, खाली अर्धं गवत असा कंटाळवाणा फोटो होतो.

म्हणून आधी नुसतं चाला. चौकटीच्या पुढच्या भागात काय घेता येईल ते शोधा: चराची तिरकी रेघ, लव्हाळ्यांचा झुबका, डोकं छाटलेल्या विलो झाडांची रांग, लाकडी फाटक, गाई. मग आभाळ बघा. ढग भरदार असतील तर क्षितिज खाली ओढा, दोन भाग आभाळ आणि एक भाग जमीन. आभाळ सपाट पांढरं असेल तर क्षितिज वर ढकला किंवा आभाळ जवळजवळ कापूनच टाका आणि लांब लेन्सने चक्क्या एकमेकींजवळ आणा. उंची हवी असेल तर बांधावर चढा. दोन-चार मीटरसुद्धा पुष्कळ झाले, चरांची नक्षी उलगडते. उलट प्रतिबिंब हवं असेल तर पाण्यालगत गुडघ्यावर बसा.

*सावधान:* चरांवर बारीक हिरव्या पानांची पाणवनस्पती इतकी दाट पसरते की ते गवतच वाटतं. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकू नका. पाय टाकण्याआधी ट्रायपॉडचा पाय टेकवून बघा.

*सावधान:* लाल डांबराची पट्टी सायकलींची असते. तिच्यावर ट्रायपॉड तर नाहीच, तुम्हीही उभे राहू नका. किंडरडाइकच्या चक्क्यांत माणसं राहतात, अंगणात शिरू नका. कुरणात वसंतात जमिनीवर घरटी असतात आणि ट्युलिपच्या शेतात बुटांबरोबर रोग जातात. दोन्ही बाहेरूनच टिपा.

६. फिरती चक्की: शटरचा हिशेब

चक्की मिनिटाला साधारण १५ ते २० फेरे घेते. पात्यांच्या फेऱ्याचा व्यास पंचवीस-अठ्ठावीस मीटरचा धरला तर टोक सेकंदाला वीस मीटरहून जास्त पळतं. १/५०० वर पाती गोठतात आणि चालू चक्की बंद पडल्यासारखी दिसते. १/३० वर टोक हातभर पुसट होतं, मधला भाग ठळक राहतो, आणि गती कळते. १/८ च्या खाली गेलात की पाती विरायला लागतात. एक सेकंद ठेवलंत तर चार पाती मिळून नुसती धुरकट तबकडी होते.

म्हणून १/६० ते १/१५ च्या मध्ये राहा. ट्रायपॉड लावा, आयएसओ सगळ्यात कमी, अॅपर्चर एफ/११. तरी उजेड जास्त होत असेल तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच). एका जागेवरून निदान वीस फोटो काढा, कारण पाती कुठल्या कोनात सापडतील ते आपल्या हातात नसतं. अधिक चिन्हासारखी उभी-आडवी पाती फोटोत आखडल्यासारखी दिसतात, जराशी कललेली जिवंत वाटतात.

थांबलेल्या चक्कीचा कोन मात्र चालवणाऱ्याने ठेवलेला असतो आणि त्याला अर्थ असतो. बऱ्याच ठिकाणी उभं-आडवं म्हणजे थोडी विश्रांती, फुलीसारखं म्हणजे लांब सुट्टी. वरचं पातं माथ्यावर पोचायच्या जरा आधी थांबवलं असेल तर घरात आनंदाचं कार्य, माथा ओलांडून थांबवलं असेल तर दुखवटा. फोटोखाली ओळ लिहिताना हे बघून लिहा.

आभाळाकडून एक्सपोजर घ्या. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकला असेल तर एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, कमी करा. सावल्या नंतर उजळता येतात, जळालेले ढग परत येत नाहीत. रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

*सावधान:* जमिनीलगत फिरणाऱ्या चक्क्यांची पाती जमिनीपासून हातभर अंतरावरून जातात. दोरी किंवा कुंपण ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ.

७. जुन्या इमारती: काय सरळ करायचं, काय नाही

लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात. घराच्या पायाशी उभं राहून कॅमेरा वर केला की घर मागे कलंडतं. उपाय सोपा आहे: समोरच्या काठावर जा. मोठ्या कालव्यांची रुंदी पंचवीस मीटरच्या आसपास असते, वर दोन्हीकडचे रस्ते. कॅमेरा उभा धरा, ३५ मिमी किंवा थोडी रुंद लेन्स लावा आणि कॅमेरा अगदी सपाट ठेवा, वर झुकवू नका. चौकटीच्या वरच्या अर्ध्यात घर माथ्यापर्यंत येतं आणि खालच्या अर्ध्यात त्याचं प्रतिबिंब. रेषा मुळातच सरळ येतात, संगणकावर ओढाताण करावी लागत नाही.

आता दुसरी बाजू. अॅमस्टरडॅमची बरीच घरं खरोखरच वाकडी आहेत. कित्येकांचा दर्शनी भाग मुद्दाम पुढे झुकवून बांधला आहे. आकड्याला दोर लावून सामान वर ओढताना ते भिंतीला घासू नये, हा त्यामागचा एक विचार. काही घरं खालचे लाकडी खांब खचल्याने शेजाऱ्याच्या अंगावर रेलली आहेत. डेल्फ्टच्या आउडे केर्क या जुन्या चर्चचा मनोरा तर जवळजवळ दोन मीटर कललेला आहे. संपादनातलं ‘ऑटो’ बटण हे सगळं सरळ करून टाकतं आणि फोटो खोटा होतो.

मग खरं उभं काय, हे कसं ठरवायचं? काठाची रेघ बघून नाही. तुम्ही तिरके उभे असाल तर ती रेघ फोटोत तिरकीच यायला हवी, आणि लोक नेमकी तीच आडवी करून बसतात. पाण्यातलं प्रतिबिंब बघा. एक दिवा किंवा खिडकीचा कोपरा आणि पाण्यातलं त्याचंच प्रतिबिंब जोडणारी रेघ चौकटीच्या मध्याजवळ बरोबर उभी असली पाहिजे. ती उभी ठेवा आणि घरं जशी आहेत तशी कलू द्या.

विटांच्या घरांना ढगाळ दिवस मानवतो. लाल, तपकिरी, काळपट अशा छटा उन्हापेक्षा मऊ उजेडात सुट्या दिसतात. अशा दिवशी आभाळ चौकटीबाहेर ठेवा. डेल्फ्टच्या होईकाडे या धक्क्यावरून शहराकडे पाहताना तोंड उत्तरेकडे असतं, म्हणून थंडीच्या दिवसांत तिथे कधीही गेलात तरी ऊन पाठीशीच. उट्रेख्तच्या आउदेग्राख्त कालव्याला पायऱ्या उतरून पाण्यालगतच्या धक्क्यावर जा, वरच्या रस्त्यावरून निम्मं दृश्य हरवतं. ११२ मीटरचा डोम मनोरा पायथ्याशी उभं राहून टिपायच्या भानगडीत पडू नका. लांबून, कालव्याच्या वळणावरून तो घरांच्या वर उठलेला दिसतो आणि उंचीही तिथेच कळते.

*तपासा:* पडदे न लावलेल्या मोठ्या खिडक्या इथे सर्रास असतात. आतली माणसं फोटोत ओळखू येत असतील तर थांबा.

८. संधिप्रकाश

मुंबईत सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधारतं, आणि त्या सवयीने लोक ट्रायपॉड लवकर मिटतात. इथे जूनमध्ये हाच संधिप्रकाश पाऊण तासाच्या आसपास टिकतो. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी खरं काम सुरू होतं, जेव्हा आभाळाचा निळा आणि दिव्यांचा पिवळा सारख्याच तेजाचे होतात.

अॅमस्टरडॅमचा हेरेनग्राख्त कालवा जिथे रेख्युलिर्सग्राख्त कालव्याला मिळतो तिथल्या पुलावरून दक्षिणेकडे एकामागे एक कमानी दिसतात, दिवे लागलेल्या. अॅपर्चर एफ/८, आयएसओ १००, शटर दोन ते आठ सेकंद, दोन सेकंदांचा टायमर. पूल सायकली आणि गाड्यांनी थरथरतो, म्हणून वर्दळीच्या मधली फट धरा. प्रत्येक फोटो मोठा करून तपासा, कमानीवरचा एकेक दिवा सुटा दिसला तरच पुढच्या जागेकडे निघा.

९. संगणकावर

आधी उभी रेघ (सातवी पायरी), मग कातरणी, मग उजेड, सगळ्यात शेवटी रंग. गवत आणि ट्युलिप भडक करण्याचा मोह फार होतो. लाल रंग ताणला की पाकळ्यांमधल्या रेषा बुजतात आणि शेत रंगाच्या डब्यासारखं दिसतं, म्हणून सॅच्युरेशनला हात लावण्याआधी लाल रंगाची चमक थोडी कमी करून बघा. आभाळ गडद करताना चक्कीच्या कडेने पांढरी रेघ उमटते. १०० टक्के मोठं करून पात्यांच्या जाळीभोवती ती शोधा.

आणि रचना बरी दिसते म्हणून फोटो आडवा उलटवू नका. डच पवनचक्कीची पाती समोरून पाहिली तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि त्यांची जाळी व शीड त्याच हिशेबाने एका बाजूला बसवलेली असतात. फोटो उलटवलात की ती चक्की उलटी फिरायला लागते, आणि इथल्या माणसाला ते लगेच कळतं.